रुमालाखालचा क्युबिट

केतकी म्हेत्रे शेवटी नेदरलँड्सला गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. डोळ्यांखालून गेलं असेल तर तो डोळ्यांचा खाजगी प्रश्न आहे, या कथेचा त्याच्याशी संबंध नाही. ही कथा ज्या यंत्राची आहे, त्यात वेळेआधी डोकावलं की आतलं सगळं नासतं. आणि यंत्राला एक नियम, वाचकांना दुसरा, असं करणं बरं दिसत नाही. तेव्हा केतकी कुठंही गेलेली नाही. ती तासगावात आहे आणि बेदाण्याच्या शीतगृहात उभी राहून छताला टांगलेल्या एका सोनेरी झुंबराकडे बघते आहे.

हे झुंबर म्हणजे क्वांटम संगणक. तो तासगावात कसा आला, याची हकिगत सरळ आहे. मुंबईतल्या समितीसमोर टिपण आलं, की या यंत्राला अतिशय थंड जागा लागते. समितीनं चौकशी केली, की राज्यात थंड जागा सर्वांत जास्त कुठं आहेत. बेदाण्यामुळं उत्तर तासगाव निघालं आणि ठराव मंजूर झाला. बेदाण्याचं शीतगृह चार अंशांवर चालतं. क्वांटम संगणकाला त्याच्याही खाली आणखी पावणेतीनशे अंश लागतात. हा बारीकसा फरक कुणीतरी लक्षात आणून दिला, तेव्हा समितीनं शेरा मारला: "उर्वरित थंडीची व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी."

ती केली गेली. इलाही तांबोळी यांच्या शीतगृहाचा अर्धा भाग भाड्यानं घेतला. भिंतीच्या अलीकडं झुंबर, पलीकडं बेदाण्याचे खोके. फाटक एक, वॉचमन एक, विजेचं अर्थिंगही एकच. कारण समितीच्या दृष्टीनं दोन्हीकडं थंडीच होती. गावानं यंत्राला झुंबर म्हणायला सुरुवात केली, आणि उद्घाटनाच्या दिवशी केतकीच्या कुसुमआत्यानं त्याला हळदकुंकू लावलं. ते पुसायचा अधिकार नक्की कुणाचा, हे पत्रव्यवहारात अडकल्यामुळं अजून तसंच आहे.

केतकी तिथली कनिष्ठ शास्त्रज्ञ. वरिष्ठ म्हणजे संचालक डॉ. देशिंगकर. ते पुण्यात राहतात आणि प्रगती झाली की येतात.

केतकीचं काम एका वाक्यात सांगता येतं: क्युबिटला कुणी विचारणार नाही याची काळजी घेणं.

साधा संगणक शून्य तरी म्हणतो, नाहीतर एक. क्युबिट दोन्हींच्या मधला कल धरून बसू शकतो. थोडासा शून्याकडं, जरा जास्त एककडं, असा. सगळी ताकद त्या कलात असते. मात्र थेट विचारलं की तो एकच काहीतरी उत्तर देतो आणि कल कायमचा विसरतो. विचारायला माणूसच लागतो असंही नाही. जराशी उष्णता, एखादी भरकटलेली लहर, शेजारच्या तारेतली कुरकुर, कुणीही नुसतं "काय चाललंय?" म्हटलं तरी क्युबिट दचकून उत्तर देऊन मोकळा होतो.

म्हणून एकट्या क्युबिटवर भिस्त ठेवत नाहीत. एकच कल पुष्कळ क्युबिटांमध्ये मिळून पसरून ठेवतात, असा की त्यातल्या एकट्याला गाठून काही कळू नये. मग त्यांच्यामध्ये पहारेकरी बसवतात. पहारेकऱ्यानं "तू शून्य की एक?" हे चुकूनही विचारायचं नाही. शेजारच्या जोडीला फक्त एवढंच विचारायचं, की तुम्ही दोघं सारखे आहात की वेगळे. वेगळे निघाले की पडद्यावर लाल ठिपका पडतो. ठिपके कुठल्या जोड्यांत पडले त्यावरून बिघडलेला कोण ते ओळखायचं आणि त्याला हळूच सरळ करायचं. आतला कल काय होता हे पहारेकऱ्याला कळत नाही, आणि त्यामुळंच तो टिकतो.

हे सगळं नीट चालतं का, हे मुंबईची समिती महिन्याभरानं येऊन बघणार होती. तोवर एक कल आत जपून ठेवायचा आणि समितीसमोर उघडायचा. कुठला कल ठेवायचा, हे केतकीवर सोपवलं होतं. आणि त्याच आठवड्यात तिला डेल्फ्टच्या विद्यापीठातून तीन वर्षांसाठी बोलावणं आलं होतं.

आता इतरांनी काय केलं असतं ते सोडा.

"आप्पा," जेवताना ती वडलांना म्हणाली, "मला नेदरलँड्सला बोलावलंय. तीन वर्षं."

आप्पा म्हणजे श्रीपती म्हेत्रे, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी. केतकीची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून घरात ही दोनच माणसं. आप्पांनी आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा बुडालेलाच ठेवला.

"मग? काय ठरवलंस?"

"ठरवलं नाही. झुंबरात ठेवलंय."

"काय ठेवलंयस?"

"निर्णय. शून्य आलं तर राहायचं, एक आलं तर जायचं. माझ्या मनाचा जेवढा कल होता, तेवढा मापून आत भरलाय. समिती आली की उघडायचं."

"तवर कोण बघणार त्याच्याकडं?"

"कुणीच नाही. बघितलं की मोडतं."

"अगं, सरकारचं मशीन हाय ते. त्यात आपलं घरातलं कशाला भरलंस?"

"काहीतरी भरायचंच होतं, आप्पा. तुमच्या रुमालासारखं आहे बघा. तरुणपणी हळदीचे सौदे रुमालाखाली करायचात ना तुम्ही? दोघांचे हात रुमालाखाली. त्यानं तुमची किती बोटं दाबली, ते बाजारात कुणाला दिसायचं नाही. लोकांना कळायचं एवढंच, की जमलं का नाही जमलं. भाव आतल्या आत राहायचा. तसंच आहे हे. आमचे पहारेकरी जमतंय का तेवढं बघतात, भाव बघत नाहीत."

आप्पांनी तुकडा बाहेर काढला. त्याची आमटीच झाली होती.

"म्हंजे झुंबरात रुमाल हाय."

"शेकडो रुमाल आहेत."

"आणि तुझा कल कुणीकडं..." आप्पा म्हणाले आणि जीभ चावून थांबले. "नको, सांगू नकोस. मोडंल."

त्या दिवसापासून आप्पांनी तो विषय काढला नाही. ते आडून विचारायला लागले. तुझी जाड शाल उसवलीय का? तिकडं ज्वारी मिळत असंल का, म्हंजे सहज विचारलं, कुणालाही मिळत असंल का? एकदा रेशन दुकानात अंगठा लावून आले आणि कार्ड उलटसुलट करत बसले. "कुसुम सांगत हुती, सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहीर गेलं की नाव कमी करत्यात. आपल्या कार्डावर नावं दोन. एका नावाचं कार्ड म्हंजे कार्ड न्हवं, चिठ्ठी झाली ती." मग स्वतःच दचकून म्हणाले, "मी काय विचारलेलं न्हाई हां."

केतकीही आप्पांना थेट काही विचारत नसे. ही तिची हॉस्टेलपासूनची पद्धत. आप्पांना "कसे आहात?" म्हटलं की ते "झकास" म्हणत, ताप असला तरी झकास, दाढ काढलेली असली तरी झकासच. म्हणून ती आत्याला विचारायची आणि इलाहीचाचांना विचारायची, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवून बघायची. आत्या म्हणणार, "कुठलं जेवतोय, अर्ध्या भाकरीवर उठतो." चाचा म्हणणार, "काल माझ्याकडं दोन प्लेट भजी खाल्ली त्यानं." म्हणजे आप्पा घरी जेवत नाहीत आणि बाहेर तळकट खातात. लाल ठिपका पडला. केतकी येताना पडवळ घेऊन यायची आणि आप्पा मुकाट्यानं खायचे.

आत्या आणि चाचा यांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. आज ऊन आहे की नाही, यावरही नाही. केतकीला बापाची खबर मिळायची ती याच मतभेदातून.

समिती यायला आठवडा राहिला असताना आत्या म्हणाली, "आप्पाची काळजी करू नगं. माणूस मजेत हाय. जायचं तर जा बिनधास्त."

दुपारी चाचा म्हणाले, "बेटा, आप्पा एकदम मजेत. जायचं तर जा बिनधास्त."

ठिपका पडला नाही. केतकीला कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं. झुंबराचा पडदाही त्या आठवड्यात छान होता. एखाददुसरा ठिपका, तोही लगेच सरळ होणारा. डॉ. देशिंगकर पुण्याहून येताना वाटेत कंदी पेढे घेऊन आले. एवढे दिवस कल टिकल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "म्हेत्रे," ते म्हणाले, "आपल्याकडं काहीच घडत नाहीये. अभिनंदन!"

पेढा तोंडात असतानाच वॉचमन केतकीला म्हणाला, "ताई, ते तुमचं आप्पा मजेत हाईत बरं का. जायचं तर जा बिनधास्त."

केतकीचा पेढा तोंडातच राहिला.

वॉचमन नवा होता. आप्पांना तो ओळखतही नव्हता.

तिनं सांगितलेलं पहारेकऱ्यांचं शास्त्र खरं आहे, पण त्यात एक भोक आहे. ती ते आप्पांना सांगायला विसरली होती. एखादा क्युबिट बिघडला तर तो शेजाऱ्यापेक्षा वेगळा दिसतो आणि सापडतो. पण सगळेच्या सगळे एकाच वेळी उलटले तर? तर जोड्या सारख्याच राहतात. पहारेकरी विचारतो, सारखे का? ते म्हणतात, सारखे. पडदा स्वच्छ. आणि आतला अर्थ मात्र नेमका उलटा झालेला असतो. क्वांटम संगणकाला याच्याइतकी भीती कशाचीच नाही. एकेकट्यानं केलेली चूक पकडता येते, सगळ्यांनी संगनमतानं केलेली पकडता येत नाही.

आत्या, चाचा आणि वॉचमन. तासगावात तीन माणसांचं एकमत.

"चाचा!" ती भिंतीपलीकडं गेली. इलाहीचाचा खोक्यांच्या थप्पीवर बसून चहा पीत होते. "आप्पांनी तुम्हाला पढवलं ना?"

चाचांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, परत कपात ओतला.

"बेटा, मी काय म्हणतो, तुझा बाप..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागं घर्रर्र करून कॉम्प्रेसर सुरू झाला. शीतगृहातले दिवे क्षणभर मंद झाले आणि परत लागले.

"हा कधी बसवला?"

"नवाय. सीझनचा माल लई आलाय, जुना पुरंना. झाला असंल आठवडा."

एका आवाराचं एक अर्थिंग. केतकी चाचांच्या कपातल्या चहाकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "चाचा, बंद करा. मी भिंतीवर थाप मारली की चालू करा, आणि लगेच परत बंद."

झुंबरात एक मोकळा कोपरा होता, चाचणीसाठी राखून ठेवलेला. तिथं तिनं साधं शून्य भरलं आणि भिंतीवर थाप मारली. पलीकडं घर्रर्र झालं. पडद्यावर एकही ठिपका पडला नाही. तिनं कोपरा वाचला: एक. पुन्हा शून्य भरलं, पुन्हा थाप मारली, पुन्हा वाचलं. पुन्हा एक.

कॉम्प्रेसर सुरू होताना बसणारा विजेचा धक्का त्या एकाच अर्थिंगमधून झुंबराच्या सगळ्या तारांत एकदम पोचत होता आणि सगळे क्युबिट एकदम कूस बदलत होते. आठवडाभरात तो किती वेळा सुरू झाला, याची नोंद बेदाण्यांनी ठेवली नव्हती. सम वेळा झाला असेल तर केतकीचा कल जसाच्या तसा. विषम वेळा झाला असेल तर उलटा.

"म्हंजे," तिच्याकडून सगळं ऐकून चाचा दारातून म्हणाले, "माझ्या बेदाण्यानं तुझं नशीब फिरवलं का न्हाई, ते आता कळायचं न्हाई?"

"नाही कळायचं."

"तोबा."

केतकीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. महिनाभर तिनं तो कल जपला होता. खरं तर तो जपला जातोय म्हणून तिला ठरवावं लागत नव्हतं, आणि ठरवावं लागत नव्हतं म्हणून तिनं तो इतका मन लावून जपला होता. आता झुंबरात जे होतं ते तिचं राहिलं नव्हतं. आणि ज्या माणसांवरून ती बापाचं मन वाचायची, तीही सगळी एकदम कूस बदलून बसली होती. आडून विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

ती सरळ मार्केट यार्डात गेली.

सौदे नुकतेच संपले होते. आता ते मोठ्या पडद्यावर होतात. दुबईत बसलेला माणूस बोट उचलतो आणि इथला ढीग हलतो. पायाखाली सांडलेले बेदाणे चिकटत होते. आप्पा दुकानाच्या पायरीवर बसून पेनाचं टोपण शोधत होते. ते कानावर होतं.

"आप्पा, तुम्ही सगळ्यांना पढवलंत. तिघांना!"

"तिघास्नी कुठं? पोस्टमनला बी सांगितलंतं. इसरला जनू."

"का पण?"

"तू त्येंच्यावरनं माझं बघतीस, ते मला ठावं न्हाई व्हय? पडवळ कशापायी येतंय घरात, एवढं कळंना का मला?" आप्पांनी टोपण कानावरून काढून पेनाला लावलं. "म्हटलं समदी सारखंच बोलली की तुझा ठिपका पडायचा न्हाई. तू निवांत जाशील."

"आणि तुम्ही?"

"मी झकास."

केतकी पायरीवर बसली. झुंबराचं काय झालं ते सांगितलं. कॉम्प्रेसर, अर्थिंग, सम, विषम, सगळं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे मशीनला इचारून आता काय उपेग न्हाई."

"नाही."

"कुसुमला इचारून बी न्हाई."

"तिला तर तुम्हीच बिघडवलंय. आप्पा, मला खरं सांगा. मी जाऊ का नको?"

आप्पांचं तोंड उघडलं. त्यातून "झकास"चा झ बाहेर पडला आणि पुढं काहीच आलं नाही. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, त्यातून चार बेदाणे पडले. टॉवेल दोघांच्या मध्ये धरला.

"हात घाल."

केतकीनं टॉवेलखाली हात घातला.

आता इथं कथा सांगणाऱ्याची पंचाईत आहे. रुमालाखालचं बघायचं नाही हा बाजाराचा नियम, आणि तो मोडावा इतकी ही कथा मोठी नाही. वरून दिसलं ते एवढं. टॉवेल हलला. केतकीनं मान जोरात हलवली. टॉवेल पुन्हा हलला, या वेळी बराच वेळ. आप्पांचे कान लाल झाले. केतकी हसली, मग नाक ओढलं, मग पुन्हा हसली. टॉवेल हलताना बघून दोन व्यापारी थांबले, त्यांना बघून आणखी चार थांबले. रुमालाखालचा सौदा यार्डात कित्येक वर्षांत कुणी बघितला नव्हता.

"काय माल हाय, दिवाणजी?"

"हाय एक," आप्पा हात न काढता म्हणाले.

"जमलं का?"

आप्पांनी केतकीकडं बघितलं. तिनं डोळे पुसले, मान डोलावली.

"जमलं."

"कितीला?"

"ते सांगायचं असतं व्हय?" आप्पा म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

आता वरचं पहिलं वाक्य तुम्ही वाचलं असेल तर आठवायला हरकत नाही.

समिती आली. केतकीनं अर्थिंगबद्दल लिहिलेलं टिपण डॉ. देशिंगकरांनी समितीपुढं ठेवलं आणि समितीनं "थंडी समाधानकारक आहे" असा शेरा मारून ते दाखल करून घेतलं. मग झुंबर उघडण्यात आलं. उत्तर आलं शून्य. शून्य म्हणजे राहायचं, हे तिथं फक्त केतकीला आणि दाराशी उभ्या असलेल्या आप्पांना माहीत होतं. समितीनं टाळ्या वाजवल्या. निकालाची शिक्क्यासह प्रत काढली आणि आप्पांनी तिची झेरॉक्स मागून घेतली. पुढच्या पंधरवड्यात केतकी विमानात बसली. तिच्या पिशवीत उसवलेली शाल होती. ती आप्पांनी शिवली होती, बेदाण्याची पोती शिवायच्या सुतळीनं.

सहा महिने झाले आणि तहसील कार्यालयात एक अर्ज दाखल झाला. तो तिथंच आहे.

*

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
पुरवठा शाखा, तासगाव.

विषय: शिधापत्रिकेवरील नाव कमी न करणे व कायमही न करणे बाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझ्या केशरी शिधापत्रिकेवर माझी मुलगी केतकी श्रीपती म्हेत्रे हिचे नाव आहे. ती परदेशी गेली असल्याने नाव कमी करावे, असे मला दुकानदाराने तोंडी कळविले आहे. तथापि शासनाच्याच यंत्राने ती राहिली आहे असा निकाल दिला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. ती गेली हेही खरे आहे. दोन्ही बाबी शासनमान्य असल्याने त्यांपैकी कोणतीही एक खोटी ठरवू नये.

तरी सदर नाव 'आहे' व 'नाही' यांच्या मधल्या स्थितीत ठेवण्याचे आदेश व्हावेत. कल 'आहे' कडे थोडा जास्त असावा.

चौकशीकामी कोणी कर्मचारी आल्यास त्याने ती कुठे आहे असे मला थेट विचारू नये. शेजारी माझी बहीण व श्री. इलाही तांबोळी राहतात, त्यांना वेगवेगळे विचारावे. त्यांची उत्तरे जुळली नाहीत तर सर्व ठीक आहे असे समजावे. जुळली तर मात्र मुलीस तातडीने फोन करावा. नंबर मागे लिहिला आहे.

तिच्या वाट्याचे धान्य मी मागत नाही व मागणार नाही. नाव तेवढे ठेवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
श्रीपती दत्तू म्हेत्रे